बाग अडतीस दिवसांची

"वहिनी, हे रोज सकाळी विचारतंय बघा, आज मन कसं आहे," असं म्हणत अभिनंदननं मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर पाच पिवळे चेहरे होते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. त्यातला एक दाबायचा आणि मग खाली त्या दिवसाचं लिहायचं.

आण्णा खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "त्याला काय करायचंय आपल्या मनाचं?"

अभिनंदन माझा धाकटा दीर. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, पर्युषणासाठी चार दिवस गावी आला होता. माझ्या मोबाइलमध्ये त्यानं रोजनिशी लिहायची तीन ॲप उतरवून दिली होती आणि एकेकाचे गुण सांगत होता. दुसऱ्याला कुलूप असं भक्कम की चोराच्या बापालाही उघडणार नाही. पण ते इंटरनेटशिवाय चालत नव्हतं आणि आमची बाग ओढ्याच्या खोलगटात, तिथं मोबाइलला रेंज नावालाही नाही. तिसरं दिसायला अगदी गबाळं. चित्र नाही, रंग नाही, नुसती तारीख आणि कोरी जागा. अभिनंदनचा जीव त्या चेहऱ्यांच्या पहिल्या ॲपवर होता. का, तर ते रोज सकाळी आपण होऊन दाखवायचं, की गेल्या वर्षी आजच्या तारखेला तुम्ही काय लिहिलं होतं, त्याआधीच्या वर्षी काय.

"आण्णांच्या डायऱ्यांना ह्याच्यापेक्षा चांगलं काय पाहिजे?" तो म्हणाला. मलाही पटलं. मी पहिलं ॲप घेतलं.

आण्णांच्या डायऱ्यांचं सांगायला हवं. माझे सासरे भूपाल चौगुले, मिरज तालुक्यात आमच्या भागातले जुने द्राक्षवाले. अडीच एकर बाग. एकोणीसशे चौऱ्याण्णव साली त्यांनी पहिली डायरी लिहिली आणि तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. एका दिवसाच्या दोन-तीन ओळी. हवा, पाणी, फवारणी, वेलीवर काय दिसलं ते. माणसांची नावं त्यात कुठंही नाहीत. आमच्या लग्नाच्या दिवशी त्यांनी लिहिलंय, 'बाग चोपन्न दिवसांची. घरात लग्न. फवारणी दुपारी उरकली.' नवऱ्यानं, सुकुमारनं, ते मला लग्नानंतर महिन्याभरानं हसत हसत दाखवलं होतं. मला मात्र हसू आलं नव्हतं. एवढ्या मोठ्या मांडवात मी शालू नेसून उभी होते आणि सासऱ्यांच्या डायरीत फवारणीला माझ्यापेक्षा जास्त जागा होती.

रोज सकाळी चहा झाला की आण्णा सोप्यात जमखाना अंथरायचे आणि सगळ्या डायऱ्या त्यावर उघडून मांडायचे. पानं उडू नयेत म्हणून प्रत्येकीवर एक लोखंडी नट. मग चवड्यावर बसून एकेक पान वाचत पुढं सरकायचे. पंधरा-वीस मिनिटं घरात कुणी बोलायचं नाही. शेवटची डायरी वाचून उठले की त्या दिवसाचं काम ठरलेलं असायचं. आमच्या सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, आमच्या घरात ह्यांची पूजा देवाच्या आधी होते. आठ वर्षं मी ते रोज बघत होते. बाविसाव्या डायरीपर्यंत आलो आणि आण्णांचे डोळे गेले.

काचबिंदू होता. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. माणूस दिसेल, वाट दिसेल, अक्षर दिसणार नाही. दवाखान्यातून आलो त्या संध्याकाळी आण्णांनी सुकुमारला आणि मला समोर बसवलं. म्हणाले, एवढं एक पीक घेऊया आणि एप्रिलात बाग काढून टाकूया. तारा आणि लोखंडी अँगल नेणाऱ्याशी मी बोललोय. रानात ऊस लावा, त्याला कुणी वाचावं लागत नाही.

सुकुमार मिरजेच्या हायस्कुलात गणित शिकवतो. बागेत त्याला कधी गोडी नव्हती आणि त्यानं ती असल्याचं सोंगही कधी आणलं नाही. तो म्हणाला, तुमची मर्जी. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला बाग पाहिजे. माझं माहेर इचलकरंजीचं. तिथं दिवसरात्र मागांचा खडखडाट, झाड म्हणजे कुंडीतला गुलाब. लग्न होऊन आले तेव्हा मला वेलीची काडी आणि मुळी यातला फरक कळत नव्हता. आठ वर्षं बायकांबरोबर घडांची विरळणी करून माझी बोटं त्या बागेत तयार झाली होती. कुठल्या ओळीत पाणी तुंबतं, कुठल्या वेलीचे घड उशिरा सुटतात, मला पाठ होतं. फक्त कधी काय करायचं हे ठरवायला मी नव्हते. ते डायऱ्या ठरवायच्या आणि डायऱ्या आण्णांच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "आण्णा, मी वाचून दाखवते की रोज."

"बावीस डायऱ्यांतलं कंचं पान काढायचं, हे तुला कसं कळणार?" ते म्हणाले. "रोज मी काढून द्याचं म्हटलं तर मला दिसतंय कुठं." थोड्या वेळानं मात्र म्हणाले, "बघ, काय जमतंय का. जमलं तर बागंचं बघू."

एवढा एक धागा मला पुरेसा होता. म्हणून अभिनंदन आल्या आल्या मी त्याच्यामागं लागले होते, की मला डायऱ्या भरायला आणि मागचं उघडून बघायला काहीतरी दे. तो परत गेल्यावर दहा दिवसांत मी शेवटच्या तीन डायऱ्या पहिल्या ॲपमध्ये भरल्या. स्वयंपाक, पोरीची शाळा, बागेतलं काम, त्यातून उरलेल्या वेळात, दोन अंगठ्यांनी. अकराव्या दिवशी सकाळी मोबाइलनं टुणकन वाजून सांगितलं की पूर्वी याच दिवशीच्या तुमच्या तीन आठवणी आहेत. मी मोठ्या दिमाखात आण्णांच्या शेजारी बसले आणि तीन वर्षांचं त्या तारखेचं वाचून दाखवलं.

आण्णा शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्रिशला, ही बाग माझी न्हाई."

मला वाटलं, मी चुकीचं वाचलं. मोबाइल बाजूला ठेवून डायऱ्या काढल्या. शब्द न् शब्द तोच होता.

"शब्द बराबर हायेत," आण्णा म्हणाले. "पर एक बाग एकशेबारा दिवसांची, दुसरी एकशे अठ्ठावीस, तिसरी एकशे एक्केचाळीस. दुसरीतलं, पाचवीतलं अन् धावीतलं पोरगं तू एका बाकावर बसिवलंस. त्यांच्याकडनं मी काय शिकू?"

मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि लाजही वाटली. आठ वर्षं त्या घरात राहून ही चूक मी करायला नको होती. द्राक्षवाल्याला तारखेशी काही देणंघेणं नसतं. वेलीची छाटणी झाली की तो पहिला दिवस, तिथून बागेचं वय मोजायचं. वर्षात छाटण्या दोन, एक उन्हाळ्यात आणि दुसरी पिकाची, आणि प्रत्येकीला मोजणी नव्यानं. रस्त्यात दोन बागायतदार भेटले तर एकमेकांना विचारतात, बाग किती दिवसांची झाली. पीकछाटणी कुठल्या वर्षी सप्टेंबरात, कुठल्या वर्षी ऑक्टोबर सरता सरता. म्हणून तर जमखान्यावरच्या बावीस डायऱ्यांत बावीस वेगळ्या तारखांची पानं उघडलेली असायची. एकीत चार नोव्हेंबर, दुसरीत एकवीस, पण बाग सगळीकडे एकाच वयाची. तो हिशेब आण्णा मनात करायचे आणि आम्हाला वाटायचं नुसती पानं उघडतात.

मी पहिलं ॲप काढून टाकलं. त्याला फक्त आजची तारीख कळत होती. पुढं तीन दिवस मी भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना एकच गोष्ट घोळवत होते, की बावीस वर्षांच्या बागा एका वयाला एका जागी कशा आणायच्या. आणि मग मला ते तिसरं गबाळं ॲप आठवलं. त्यात कुठल्याही तारखेवर बोट ठेवलं की सगळ्या वर्षांचं त्या तारखेचं लिखाण एकाखाली एक यायचं. आणि मुख्य म्हणजे ते तारखेवरून हुज्जत घालत नव्हतं. तुम्ही सांगाल ती तारीख त्याला मान्य.

मग मी ठरवलं, प्रत्येक वर्षी आमच्या बागेची छाटणी एक मार्चला झाली. खरी कधी झाली ते डायरीला माहीत आहे, मोबाइलला कशाला सांगायचं. छाटणीचा पहिला दिवस एक मार्च, दुसरा दिवस दोन मार्च, अशी सगळी वर्षं एका ओळीत. मार्च अशासाठी की फेब्रुवारीच्या एकोणतीस तारखेची भानगड मध्ये यायला नको. ही अक्कल मला, छाटणी एक जानेवारीला धरून चार डायऱ्या भरून झाल्यावर आली. त्या पुसून पुन्हा भरल्या, ते जाऊ दे.

हे मी कुणाला सांगितलं नाही. अर्धवट काहीतरी वाचून आण्णांकडून पुन्हा ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. बावीसच्या बावीस डायऱ्यांतले पीकछाटणीनंतरचे पहिले साठ दिवस भरायचे आणि मगच तोंड उघडायचं, असं मी मनाशी ठरवलं. पिकाचं बरंवाईट त्या साठ दिवसांतच ठरतं. आण्णांनी पंचवीस सप्टेंबरला छाटणी करून घेतली आणि ते आठवणीवर बाग चालवत राहिले. मी भरत राहिले. सुकुमार एकदा म्हणाला, अंगठे झिजतील तुझे. मी म्हटलं, झिजले तर उसाला काही अंगठे लागत नाहीत. पोरीचा अभ्यास तेव्हापासून तो घ्यायला लागला.

पाडव्याच्या दिवशी शेवटचं पान भरून झालं. दुसऱ्या दिवशी भाऊबीज, नोव्हेंबरची पहिली तारीख. पहाटे पाऊस आला.

त्या दिवसांत पाऊस येणं म्हणजे काय, ते द्राक्षवाल्यालाच विचारावं. बाग ऐन फुलोऱ्यात होती. नाजूक फुलांच्या घडात पाणी अडकून राहिलं की घड कुजायला लागतो, आणि एकदा कूज धरली की चार दिवसांत वर्षाचं पीक जातं. सात वाजता पाऊस थांबला तेव्हा आम्ही सगळे सोप्यात बसलो होतो. अभिनंदन दिवाळीसाठी आलेला होता. सुकुमार औषधाच्या दुकानदाराला फोन लावत होता. दुकानदारानं सांगितलं, वेळ घालवू नका, आत्ताच्या आत्ता फवारणी घ्या. सुकुमार ट्रॅक्टरवाल्याला बोलवायला उठला.

अभिनंदननं सहज माझा मोबाइल उचलला. काम कुठवर आलं बघावं म्हणून असेल. दोन मिनिटं बोट फिरवलं आणि म्हणाला, "वहिनी, तुमचं लग्न तेवीस एप्रिलला झालं होतं?"

"एकोणीस नोव्हेंबर," सुकुमार दारातनं म्हणाला. "मी तिथं होतो."

"इथं तेवीस एप्रिल आहे. आणि छाटणी दर वर्षी एक मार्चला." अभिनंदनचा चेहरा उतरला. चांगला मुलगा तो, त्याला खरंच वाईट वाटलं. "वहिनी, सगळ्या तारखा चुकल्यात. दीड महिन्याचं काम फुकट गेलं. मला आधी विचारायचं होतं."

सांगावं तर पहिल्यापासून सगळं सांगावं लागणार आणि बाहेर पुन्हा ढग भरून येत होते. मी काही बोलणार तेवढ्यात आण्णांनी विचारलं, "त्रिशला, बाग किती दिवसांची?"

"अडतीस," मी म्हटलं.

"वाच."

मी अभिनंदनच्या हातातून मोबाइल घेतला आणि सात एप्रिलवर बोट ठेवलं. एक मार्चपासून मोजलं की अडतिसावा दिवस सात एप्रिलला येतो. बावीस वर्षांच्या अडतीस दिवसांच्या बावीस बागा एकाखाली एक उभ्या राहिल्या. चौऱ्याण्णवपासून मी वाचायला सुरुवात केली. कुठं कोरडी हवा, कुठं धुकं, कुठं फुलोरा मागं, कुठं पुढं. तिसरं-चौथं वर्ष वाचताना मी आण्णांकडे बघितलं. ते खाटेवरून खाली उतरून जमिनीवर चवड्यावर बसले होते, जमखाना अंथरल्यावर बसायचे तसे. आपलीच बाग त्यांना ऐकू येत होती. मी वाचत राहिले.

"सत्त्याण्णव," मी वाचलं. "बाग अडतीस दिवसांची. पहाटे पाऊस. लगेच फवारणी घेतली."

"फुडं?" आण्णा म्हणाले. "त्याच साली, दोन दिवस फुडं."

नऊ एप्रिलवर बोट ठेवलं. 'बाग चाळीस दिवसांची. घडकूज. निम्मे घड गेले.' सुकुमार दारातच थांबला.

पुन्हा सात एप्रिलवर आले. दोन हजार नऊ. "बाग अडतीस दिवसांची. रात्री मोठा पाऊस. आधी तारा हलवून घडातलं पाणी झटकून काढलं. वारं लागू दिलं. दुपारी ऊन पडल्यावर फवारणी." आण्णांनी सांगायच्या आतच मी पुढचे दिवस काढले. पंचेचाळिसाव्या दिवशी लिहिलं होतं, 'मणी धरले. बाग राहिली.'

सगळी वर्षं वाचून झाली. अभिनंदन माझ्या खांद्यावरून मोबाइलकडे बघत होता. त्याच्या लक्षात आलं होतं. तो हळूच म्हणाला, "वहिनी, हे मला सुचलं नसतं." मला तेव्हा त्याच्याकडे लक्ष द्यायला सवड नव्हती, पण ते वाक्य मी बाजूला जपून ठेवलं आणि अजून कधीतरी काढून बघते.

"मग काय करायचं?" आण्णांनी विचारलं.

सुकुमार उत्तर द्यायला लागला तर ते म्हणाले, "तुला न्हाई. तिला इचारलं."

आठ वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. चुकले असते तर पीक गेलं असतं आणि त्याबरोबर बागही. मी म्हटलं, "आत्ता फवारायचं नाही. आधी सगळ्यांनी जाऊन घड झटकायचे. वेल सुकली की मग औषध."

"चला तर," आण्णा म्हणाले आणि काठी शोधायला लागले.

भाऊबीजेला बायका कामाला कुठून मिळणार. आम्हीच गेलो. सुकुमार, अभिनंदन, मी आणि आमची सात वर्षांची नेहा. नव्या कपड्यांतच. एकानं ओळीची तार धरून हलवायची, दुसऱ्यानं मागून घडांना हलका हात लावत जायचं. पाण्याचा सडा अंगावर पडायचा. अभिनंदनचा पुण्याहून आणलेला झब्बा चिखलानं माखला. आण्णा पहिल्या ओळीत उभे राहून तार चाचपत होते आणि डोळ्यांना नीट दिसत नसताना पुढं पुढं सरकत होते. साडेअकराला ऊन पडलं तेव्हा शेवटची ओळ संपली होती. माझे खांदे इतके भरून आले होते की संध्याकाळी इचलकरंजीहून आलेल्या माझ्या भावाला ओवाळताना ताट सुकुमारनं खालून धरलं.

बाग राहिली. सातव्या दिवशी घडांत मोहरीएवढे मणी दिसले. ओढ्यापलीकडच्या दोन बागांत त्याच पावसानं निम्मं पीक गेलं, ते बघून मला आनंद झाला नाही. पण आपली बाग बघून ऊर भरून आला, हे कबूल करते. एप्रिलात तारा आणि अँगल नेणारा माणूस टेम्पो घेऊन आला. आण्णांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, बाग काढायची का, ते हिला इचार, मालकीण ती हाय. माणूस माझ्याकडे बघून हसला आणि टेम्पो रिकामा घेऊन गेला. त्यानंतर आण्णा पाच वर्षं होते. रोज सकाळी चहानंतर जमिनीवर बसायचे आणि मी वाचायची. आता नेहा कॉलेजात आहे. सुट्टीला आली की ती वाचते, मी चवड्यावर बसून ऐकते.

पण हे सगळं नंतरचं. मला पुन्हा पुन्हा आठवते ती त्याच भाऊबीजेची दुपार. फवारणी उरकून आम्ही घरी आलो होतो. आण्णा खाटेवर टेकले होते. डायरी लिहायची त्यांची वेळ झाली होती आणि त्या वर्षी छाटणीपासून डायरी कोरीच होती. मी शेजारी बसून मोबाइल उघडला. म्हटलं, "आण्णा, आजचं सांगा. मी लिहिते."

त्यांनी डायरीतल्यासारखं तोडून तोडून सांगितलं, "बाग अडतीस दिवसांची. पहाटे पाऊस. त्रिशलानं सांगितलं म्हणून आधी घड झटकले."

माझा अंगठा थांबला. बावीस डायऱ्या मी माझ्या हातानं भरल्या होत्या. त्यात कुणाचंही नाव नव्हतं. सासूबाई गेल्या त्या दिवशीही नाही. मी म्हटलं, "आण्णा, नाव घालायचं?"

"मग कुणी सांगितलं म्हणून लिवू?" ते म्हणाले.

मी लिहिलं. अक्षरं नीट दिसत नव्हती, त्यामुळं दोनदा खोडून लिहावं लागलं. अभिनंदन तिथंच बसून चिखलाचा झब्बा झटकत होता. तो म्हणाला, "आणि तारीख, वहिनी? आजची तरी खरी घाला."

मी आण्णांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते, पण चेहरा हसरा होता.

"सात एप्रिल," आण्णा म्हणाले. "ह्या घरात आज सात एप्रिल हाय."